डॉक्टरबाई, तुमच्या पाठीशी कोण उभं आहे?

स्वयंपाकपाणी आवरून, जनावरांचं बघून रेडिओपाशी बसलात, बरं वाटलं. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ३१ वर्षं सिस्टर होते. त्यातली १९ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. आता निवृत्त झालेय आणि गावोगावच्या गटांना भेटत असते.

गेल्या महिन्यात अशाच एका बचत गटाच्या बैठकीत एक वहिनी बोलायला उठल्या. म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या सुनेचं अपेंडिक्स दुखावलं. रातोरात मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक पोरगी आली, माझ्या धाकटीच्या वयाची. डोळे तांबडेलाल. कागद पुढं केला आणि म्हणाली, इथं अंगठा करा. मी विचारलं, मोठे डॉक्टर कुठायत? तर म्हणाली, मीच डॉक्टर आहे. आता तुम्ही खरं सांगा, आम्ही गरीब म्हणून आमच्या अंगावर शिकतात का हे लोक?"

बैठक एकदम गप्प झाली. मी त्या दिवशी घाईनं उत्तर दिलं नाही. सून बरी होऊन घरी आली होती, तेव्हा 'सगळं चांगलं झालं ना, मग झालं' असं म्हणून विषय संपवता आला असता. पण प्रश्न खरा होता. आजचं बोलणं म्हणजे त्या वहिनींना माझं उत्तर आहे.

आधी हे बघू, की ती पोरगी होती कोण.

बारावीनंतर नीटची परीक्षा देऊन मुलं एमबीबीएसला जातात. साडेचार वर्षं शिक्षण, मग एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे साडेपाच वर्षांनी माणूस डॉक्टर होतो. त्याला औषध लिहून देण्याचा हक्क मिळतो. पण पोट उघडण्याचं शिक्षण अजून सुरूही झालेलं नसतं. त्यासाठी पुन्हा मोठी परीक्षा द्यायची आणि पुढं तीन वर्षं एम.एस. करायचं. या तीन वर्षांतल्या डॉक्टरला रेसिडेंट म्हणतात, मराठीत निवासी डॉक्टर. निवासी म्हणजे दवाखान्याच्या आवारातच राहणारा. मार्डचा संप झाला असं आपण बातम्यांत ऐकतो ना, ते मार्ड म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या याच डॉक्टरांची संघटना.

म्हणजे ती पोरगी बारावी झालेली शिकाऊ नव्हती. ती पुरती डॉक्टर होती, आणि सर्जन होण्याचं शिकत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता ही मुलं शिकतात कशी, ते सांगते. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटच्या हातात चाकू फारसा येतच नाही. पहाटे उठून वॉर्डातल्या सगळ्या पेशंटचं रक्त काढायचं, ड्रेसिंग करायचं, नाकात नळी घालायची, लघवीची नळी घालायची, एक्स-रे आणायला धावायचं, रक्तपेढीत जायचं. कुणाला रात्री ताप आला, कुणाची पट्टी भिजली, हे सकाळी सरांच्या राउंडला न चुकता सांगायचं. आपल्याला वाटतं ही हमाली आहे. थोडी आहेही. पण याच हमालीतून नजर तयार होते. पोटाला हात लावून 'हे पोट कडक आहे, हे आत्ताच उघडावं लागेल' हे ओळखायला दोनशे पोटं चाचपावी लागतात, पुस्तकात ते सापडत नाही. सर्जनचं निम्मं शिक्षण कापायचं कसं याचं असतं. उरलेलं निम्मं कधी कापायचं आणि कधी नाही याचं.

थिएटरमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलाचं काम म्हणजे रिट्रॅक्टर धरणं. पोटाची कड ओढून धरायचं ते हत्यार. मोठ्या सर्जनला आतलं दिसावं म्हणून हा पोरगा दोन-दोन, तीन-तीन तास ते ओढून उभा राहतो. हात भरून येतात, पण हलायचं नाही. मी कितीतरी मुलांच्या कपाळावरचा घाम पुसलाय. उभ्या उभ्या तो बघत असतो, शिकत असतो.

आणि गाठी! तुम्हाला हसू येईल, पण सर्जरीची मुलं रिकाम्या वेळी सारखी गाठी मारत असतात. खाटेच्या दांडीला दोरा बांधतील, ड्रॉवरच्या कडीला बांधतील, ॲप्रनच्या काजात घालून बसतील. डाव्या हातानं, उजव्या हातानं, न बघता. आपण दसऱ्याला तोरणं ओवतो तसे खाटेच्या दांडीला दोरेच दोरे लोंबत असायचे. गाठ सैल बसली तर आत रक्त सुटतं, फार आवळली तर कातडी मरते. ती बरोबर बसेपर्यंत हजारो वेळा मारावी लागते.

ही रीत नवी नाही बरं का. आपल्याकडच्या जुन्या सुश्रुतसंहितेत शिष्यानं हात कसा बसवायचा यावर एक वेगळा अध्यायच आहे. चिरा द्यायला शिकायचं ते भोपळ्यावर, कलिंगडावर, काकडीवर. पाण्यानं किंवा चिखलानं भरलेल्या कातडी पिशवीवर भेद करायचा. शीर टोचायची सवय कमळाच्या देठावर आणि मेलेल्या जनावराच्या शिरेवर करायची. टाके घालायला शिकायचं ते कापडावर आणि मऊ कातड्यावर, पट्टी बांधायला शिकायचं ते बाहुल्यावर. म्हणजे माणसाच्या अंगावर हात टाकायच्या आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसलाच पाहिजे, हे आपल्या लोकांना फार पूर्वी कळलं होतं. आजही दुर्बिणीचं ऑपरेशन शिकणारी मुलं आधी एका बंद खोक्यात चिमटे घालून, पडद्यावर बघत, दाणे उचलायला शिकतात.

पण भोपळा तो भोपळा. त्याला रक्त येत नाही आणि त्याला दुखत नाही. कधीतरी पहिल्यांदा माणसावर हात टाकावाच लागतो. तो टप्प्याटप्प्यानं टाकायचा असतो. आधी जखमेला टाके, मग गळू फोडणं, मग लहान गाठी, मग हर्निया, अपेंडिक्स. तिसऱ्या वर्षाला पित्ताशय, फुटलेलं आतडं. प्रत्येक पायरीवर आधी बघायचं, मग मदतनीस व्हायचं, मग मोठा डॉक्टर समोर उभा असताना स्वतः करायचं. केलेलं प्रत्येक काम एका वहीत लिहून त्यावर सही घ्यायची. तिला लॉगबुक म्हणतात.

दवाखान्यातच राहायचं आणि पायरीपायरीनं जबाबदारी घ्यायची, ही आजची पद्धत अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात बसवली गेली. तिथं १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स नावाचं रुग्णालय सुरू झालं आणि विल्यम हॉलस्टेड नावाच्या सर्जननं ही रीत घालून दिली. त्याच्या थिएटरमध्ये कॅरोलाईन हॅम्प्टन नावाची सिस्टर होती. हात धुवायच्या जहाल औषधानं तिच्या हातांची सालपटं निघायला लागली. तिच्यासाठी हॉलस्टेडनं एका कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करून घेतले. पुढं त्या दोघांचं लग्न झालं, आणि मोजे तर सगळ्या जगाच्या थिएटरांत पोचले. एका सिस्टरच्या सोललेल्या हातांमुळं तुमच्या-माझ्या ऑपरेशनला आज मोजे आहेत. मी ही गोष्ट प्रत्येक नव्या रेसिडेंटला सांगायची.

आता एक रात्र सांगते. चांगलं तेवढंच सांगायला मी आलेली नाही.

पहाटेचे चार वाजले होते. एका आजींचं आतडं फुटलेलं, ऑपरेशन संपत आलं होतं. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी पोट शिवायला घेणार होती, समोर तिचे लेक्चरर उभे होते. ती मुलगी आदल्या दिवशी पहाटेपासून ड्युटीवर होती, मध्ये पाठ टेकली नव्हती. पोटात रक्त टिपायला मॉप वापरतात, जाड कापडाच्या घड्या. आत जाताना मोजायचे आणि पोट मिटायच्या आधी पुन्हा मोजायचे, हे सिस्टरचं काम. मी २० दिले होते. परत आले १९.

मी म्हटलं, "डॉक्टर, एक कमी आहे." ती म्हणाली, "सिस्टर, मी बघितलंय, आत काही नाही. तुमचंच मोजायला चुकलं असेल." मी पुन्हा मोजले. १९. लेक्चरर शांतपणे म्हणाले, "थांबा. सुई खाली ठेवा. परत बघा." तिनं हात घातला. यकृताच्या खाली, रक्तानं माखून तिथल्याच रंगाचा झालेला विसावा मॉप निघाला.

कुणी ओरडलं नाही. पण पुढं झालेल्या बैठकीत तिला सगळ्या युनिटसमोर उभं राहून हे स्वतः सांगावं लागलं. चांगल्या दवाखान्यात अशी बैठक नेमानं होते. कुठला पेशंट दगावला, कुठं काय बिघडलं, का बिघडलं, हे लपवायचं नाही, मांडायचं. ती मुलगी म्हणाली, "मी दमले होते. पण दमलेय हे मला कळत नव्हतं. मला वाटत होतं मी नीट बघतेय." हे वाक्य मी विसरले नाही. दमलेल्या माणसाला आपण दमलोय हेच कळत नाही. रात्रभर मोळ्या बांधणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

मैत्रिणींनो, निवासी डॉक्टरांनी किती तास काम करावं, याचा नियम आहे. १९९२ साली केंद्र सरकारनं ठरवून दिलेलं आहे, की साधारणपणे दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ४८ तास. २०२३ च्या नियमांतही पुरेशी विश्रांती आणि आठवड्याला एक सुट्टी सांगितली आहे. पण कागद एकीकडं आणि वॉर्ड एकीकडं. पेशंट ढीगभर, डॉक्टर मोजके. मी ३६-३६ तास जागलेली मुलं बघितली आहेत. अमेरिकेतही हे असंच होतं. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी दवाखान्यात दाखल झाल्यावर काही तासांतच गेली. तिला बघणारे रेसिडेंट कितीतरी तास सलग कामावर होते आणि त्यांच्या पाठीशी मोठा डॉक्टर हजर नव्हता. तिच्या वडिलांनी हा प्रश्न लावून धरला. १९८९ मध्ये त्या राज्यानं नियम केला, की आठवड्याला ८० तासांच्या वर नाही आणि सलग २४ तासांच्या वर नाही. एका बापानं विचारलं म्हणून हे झालं.

आपल्या मुलींसाठी यात आणखी एक धोका आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात रात्रीच्या ड्युटीवर विश्रांती घेणाऱ्या निवासी डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिला मारून टाकलं. ती ज्या खोलीत पडली होती ती झोपायची खोली नव्हती, बैठकीची होती. दवाखान्यात शिकणाऱ्या मुलीला दार लावून निजायला एक सुरक्षित खोली असावी, ही मागणी आपल्या सगळ्यांची असायला हवी.

आता माझ्या घरची गोष्ट.

त्या मॉपच्या रात्रीनंतर वर्षाभरानं माझ्या मालकांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. आमच्याच दवाखान्यात. यादीत नाव बघितलं, तर ऑपरेशन करणार तीच मुलगी. आता ती तिसऱ्या वर्षाला होती.

मी १९ वर्षं लोकांना सांगत आले होते, घाबरू नका, पोरं चांगली आहेत, सर सोबत असतात. आणि त्या दिवशी मी सरळ युनिटच्या मोठ्या सरांकडं गेले. म्हटलं, "सर, आमच्या ह्यांचं तुम्ही स्वतः करा." सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, करतो मी. पण एक सांगा. तुमच्या घरच्या माणसावर ती शिकणार नसेल, तर कुणाच्या घरच्यावर शिकायचं तिनं? ज्यांना आमच्या खोलीचं दार माहीत नाही, त्यांच्या?"

मला फार लाज वाटली. कारण तेच तर चाललेलं असतं. ज्याची ओळख आहे तो मोठ्या डॉक्टरचा हात मागून घेतो. ज्याची ओळख नाही, त्याला विचारलंही जात नाही. वहिनी, तुमच्या प्रश्नातलं खरं दुखणं हे आहे.

घरी येऊन मी मालकांना सगळं सांगितलं. मॉपचंही सांगितलं. ते एस.टी.चे ड्रायव्हर. म्हणाले, "मी गाडी शिकलो तेव्हा शेजारी उस्ताद बसायचा. त्याचा हात स्टिअरिंगपासून वीतभर लांब असायचा. भरली गाडी कधीतरी पहिल्यांदा न्यावीच लागते. उस्ताद शेजारी असला म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला स्वतःच विचारलं, "डॉक्टरबाई, अशी किती केलीत? आणि तुमच्या पाठीशी कोण उभं असणार?" ती रागावली नाही. म्हणाली, "काका, मी २६ केलीत. सर समोर उभे असतील. मला कुठं अडलं तर ते हातात घेतील. आणि मॉप मी स्वतः दोनदा मोजते." शेवटचं वाक्य बोलताना तिनं माझ्याकडं बघितलं.

मी हो म्हटलं. नातेवाइकांना आत जाता येत नाही, म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदा थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसले. इतकी वर्षं मी त्या बाकावरून भरभर आत-बाहेर करायची. तिथं बसल्यावर घड्याळ किती हळू चालतं, ते तेव्हा कळलं. ऑपरेशन नीट झालं. चार-आठ दिवस थोडी सूज होती, मग ते कामावर गेले. ती मुलगी आज सर्जन आहे.

या सगळ्यातून मी जे शिकले ते सांगते. 'तुम्ही शिकाऊ आहात का' हा प्रश्न उपयोगाचा नाही. शिकणारा असणं हा गुन्हा नाही. विचारायचं ते हे, की 'तुमच्या पाठीशी कोण उभं आहे?' हा प्रश्न तुम्हाला विचारता येतो. तो तुमचा हक्क आहे.

दवाखान्यात गेलात तर तीन गोष्टी विचारा. रागानं नाही, साधेपणानं. एक, डॉक्टर, तुमचं नाव काय आणि तुम्ही कितव्या वर्षाला आहात? दोन, ऑपरेशन कोण करणार आणि सोबत मोठे डॉक्टर कोण असणार? तीन, नेमकं काय करणार, काय काढणार, आणि नाही केलं तर काय होईल? उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारा. समजावून सांगणं हाही त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. तुम्ही विचारलंत तर ते शिकतील, नाही विचारलंत तर नुसता कागद पुढं करायलाच शिकतील.

आणि सही. वहिनींनी सुनेच्या कागदावर अंगठा केला. पण सून शुद्धीवर होती, सज्ञान होती. मग सही तिचीच हवी होती. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका खटल्यात निकाल दिला. एका बाईनं दुर्बिणीनं तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भपिशवी आणि अंडाशय काढून टाकले होते. कोर्टानं सांगितलं, की तपासणीची संमती म्हणजे पिशवी काढायची संमती नव्हे, आणि बाई स्वतः निर्णय देऊ शकत असताना दुसऱ्यानं दिलेली संमती चालत नाही. आपल्याकडं किती बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून हे लक्षात ठेवा. अंग तुमचं, अंगठा तुमचा.

आपल्याकडूनही एक गोष्ट हवी. पेशंट दगावला की लोक पुढ्यात दिसेल त्या पोराला मारायला धावतात. पुढ्यात असतो तो पहिल्या वर्षाचा, ज्याच्या हातात काहीच नसतं. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी कायदा आहे, त्यात सहज जामीन मिळत नाही. पण कायद्याचं सोडा. मार खाल्लेला पोरगा पुढच्या अवघड पेशंटला हात लावायला कचरतो, 'पुढं न्या' म्हणतो. त्याचं मोल पुढची बाई देते. तक्रार असेल तर लेखी द्या, अधीक्षकांना द्या, कागदांच्या प्रती मागा. गटानं सोबत जा.

जाता जाता एक. थिएटरमध्ये आता चीर देण्याआधी सगळे क्षणभर थांबतात. पेशंटचं नाव, कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू, हे मोठ्यानं वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेची ती यादी करण्याचं काम डॉक्टर अतुल गावंडे यांनी पुढं होऊन केलं. ते अमेरिकेत वाढले, पण घराणं आपल्या महाराष्ट्रातल्या उटी गावचं. दिल्ली धरून आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून बघितली. २००९ साली निकाल छापून आला. आधी हजारात १५ पेशंट दगावत होते, नंतर आठ. नवीन यंत्र नाही की महाग औषध नाही. थांबायचं, विचारायचं, आणि लहानातल्या लहान माणसालाही 'एक मॉप कमी आहे' म्हणायची मुभा द्यायची. एवढंच.

तर वहिनी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. होय, ते आपल्या अंगावर शिकतात. दुसरा मार्ग नाही. माझ्या घरच्या माणसावरही शिकले. न विचारता, न सांगता, पाठीशी कुणी नसताना शिकले तर तो अन्याय आहे. विचारून, सांगून, उस्ताद शेजारी असताना शिकले, तर उद्या तुमच्या नातीचं पोट उघडायची वेळ आली तेव्हा हात बसलेला सर्जन जिल्ह्यात मिळेल. आता तर या मुलांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं सक्तीचं आहे. म्हणजे ती तुमच्या आणखी जवळ आली आहेत. आणि तुमच्यातल्या कुणाची लेक उद्या त्या लाल डोळ्यांनी कागद घेऊन उभी असेल, कुणास ठाऊक.

या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. ते तीन प्रश्न एकमेकींना विचारून बघा. एकीनं डॉक्टर व्हा, एकीनं पेशंट. तोंडात बसू द्या. हातासारखंच तोंडालाही सरावानंच जमतं.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.